गाडी गेली, इंजिन राहिलं

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं आकड्यांत बोलतात. ‘तीनशे पन्नास’, ‘चारशे सव्वीस’, ‘दोनशे पंचवीस’ एवढं म्हटलं की कोणत्या कंपनीचं, साधारण कोणत्या काळातलं आणि कसल्या स्वभावाचं इंजिन, हे समोरच्याला कळतं. हे आकडे घन इंचांचे. सगळे पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत एकदा सरकले की जेवढी जागा व्यापतात, तेवढं त्या इंजिनाचं आकारमान. ६१ घन इंच म्हणजे साधारण एक लिटर. आपल्याकडे ८०० सीसी, १२०० सीसी म्हणतात तोच हा हिशेब, फक्त माप वेगळं आणि आकडे दांडगे. ३५० घन इंच म्हणजे ५.७ लिटर, आणि एवढं इंजिन तिथे साध्या घरगुती गाडीत असायचं.

यातला ४२६ हा आकडा दोन इंजिनांच्या वाट्याला आला. पहिलं जनरल मोटर्सचं ६-७१ डिझेल, १९३८ सालचं. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ४२६. ते बसमध्ये होतं, ट्रकमध्ये होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट तळाच्या अनेक होड्यांमध्ये होतं, आणि शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात तर अशी दोन इंजिनं एकत्र जोडलेली होती. दुसरं ४२६ म्हणजे क्रायस्लरचं पेट्रोल व्ही-८, १९६४ साली केवळ शर्यती जिंकण्यासाठी बनवलेलं ‘हेमी’. आकडा जुळला तो योगायोगाने. पण या दोघांचं पुढे खरंच नातं जुळलं.

६-७१ हे टू-स्ट्रोक डिझेल. त्यात पिस्टन खाली जाताना स्वतः हवा ओढून घेत नाही. जळालेला धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत भरायची तर ती बाहेरून रेटावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या कुशीला एक ब्लोअर बसवलेला असे: ॲल्युमिनियमची पेटी, आत एकमेकांत अडकून फिरणारे दोन रोटर. बस भंगारात निघाली की हा ब्लोअर सुटा आणि स्वस्तात मिळायचा. ड्रॅग रेसच्या वेडाने झपाटलेल्या पोरांनी तो उचलला, पेट्रोल व्ही-८ च्या माथ्यावर बसवला आणि क्रँकवरून पट्टा घेऊन फिरवला. बसमध्ये जो नुसता धूर हाकलायचा, तोच आता सिलिंडरमध्ये दाबून हवा कोंबू लागला. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि म्हणून ताकद जास्त. आजच्या ‘टॉप फ्यूएल’ वर्गातल्या, दहा हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेलेल्या गाड्यांच्या इंजिनाचा मूळ आराखडा ४२६ हेमीचाच आहे आणि वरचा ब्लोअर अजूनही १४-७१ या नावाने ओळखला जातो. त्या नावातले ७१ हे त्या जुन्या बसचे.

अमेरिकन इंजिनांवर माझा जीव आहे तो त्यांच्या या दुसऱ्या आयुष्यासाठी. ताकदवान, वेगवान, नाजूक कारागिरीची इंजिनं इटलीत झाली, जर्मनीत झाली, जपानमध्येही झाली. पण ज्या गाडीसाठी इंजिन बनलं ती गंजून मोडीत गेल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मालकाने ते उचलून भलत्याच ठिकाणी नांदवावं आणि त्याने तिथे आधीपेक्षा मोठं नाव कमवावं, हे अमेरिकेत जितक्या वेळा घडलं तितकं दुसरीकडे घडल्याचं मला दिसत नाही. आणि त्याला कारणं आहेत. ती ओतशाळेत आहेत, कराच्या कायद्यात आहेत, पेट्रोलच्या भावातही आहेत.

आधी कराचं सांगतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरत असे. मग तिथल्या अभियंत्यांनी व्यास बारीक ठेवला, पिस्टनचा प्रवास लांबवला आणि छोट्या इंजिनातून जमेल तेवढं पिळून काढलं. अमेरिकेवर असलं बंधन नव्हतं. पेट्रोल स्वस्त, अंतरं प्रचंड, गाडीत माणसं आणि सामान भरपूर. त्यामुळे तिथे मोठं इंजिन करून त्याला आरामात, कमी फेऱ्यांवर चालवणं सोपं पडलं. कमी फेऱ्यांवर चालणारं, बिडाच्या जाड भिंतींचं इंजिन झिजतही हळू. शिवाय अंगात राखीव ताकद उरते. मूळ कंपनीने ती पुरती वापरलेली नसते, म्हणून पुढच्या माणसाला त्यात हात घालायला वाव राहतो.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे फोर्डचं १९३२ सालचं ‘फ्लॅटहेड’ व्ही-८. त्यामागे चढाओढ होती. १९२९ च्या मॉडेलपासून शेवरलेटने सहा सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या किमतीत द्यायला सुरुवात केली. (त्याच्या आदल्याच वर्षी जनरल मोटर्सचा गाड्या जुळवण्याचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला होता, त्यामुळे ही सहा सिलिंडरची शेवरलेट आपल्याकडच्या रस्त्यांनीही लवकर पाहिली.) हेन्री फोर्ड यांना सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच आवडत नसे. त्यांनी ठरवलं, चारावरून थेट आठावर जायचं.

व्ही-८ तेव्हा नवं नव्हतं. कॅडिलॅकने १९१४ मध्येच ते विकायला काढलं होतं. पण ते श्रीमंतांचं इंजिन होतं, कारण सिलिंडरांचे दोन ठोकळे आणि खालची क्रँकची पेटी वेगवेगळी ओतून मग बोल्टांनी जोडायची, म्हणजे काम जास्त आणि खर्चही जास्त. फोर्ड यांचा आग्रह होता की आठही सिलिंडर आणि क्रँकची पेटी मिळून एकच ओतीव ठोकळा झाला पाहिजे. डिअरबॉर्नमधल्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या त्यांच्या संग्रहालयात एडिसन यांची फ्लोरिडातली प्रयोगशाळा उचलून आणून उभी केलेली होती. तिथे मोजक्या तरुण अभियंत्यांना बसवून हे काम गुपचूप चाललं. कागदावरचा आराखडा प्रत्यक्षात उतरवण्याची जबाबदारी कारखान्याचे सूत्रधार चार्ल्स सोरेन्सन यांच्यावर आली.

कोल्हापूर-शिरोलीच्या ओतशाळांत काम केलेल्या वाचकाला यातली अडचण लगेच कळेल. एवढा गुंतागुंतीचा ठोकळा ओतायचा म्हणजे वाळूच्या साच्यात डझनावारी गाभे नेमक्या जागी बसवायचे: सिलिंडरांचे वेगळे, पाण्याच्या वाटांचे वेगळे, धुराच्या वाटांचे वेगळे. तप्त लोखंड आत शिरताना यातला एखादा गाभा जरासा सरकला तरी एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ होते. सुरुवातीला ओतलेल्या ठोकळ्यांतला मोठा वाटा पुन्हा भट्टीत जायचा. तरीही ३१ मार्च १९३२ रोजी, महामंदीच्या ऐन खाईत, २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ घातलेली फोर्ड लोकांसमोर आली. उघड्या टपाच्या साध्या मॉडेलची किंमत ४६० डॉलर. आठ सिलिंडरचं इंजिन पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

इंजिन निर्दोष मुळीच नव्हतं. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ठोकळ्यातच बसतात आणि वरचं हेड म्हणजे केवळ सपाट झाकण. रचना साधी, पण हवेला आत येताना वळसा घ्यावा लागतो. त्यात फोर्डच्या इंजिनात धुराच्या वाटा दोन रांगांच्या मधून निघून ठोकळ्याच्या पोटातून, थंड पाण्याच्या कप्प्यांतून बाहेर काढलेल्या होत्या. मधल्या दोन सिलिंडरांना तर बाहेर पडायला एकच सामाईक वाट होती. म्हणजे जो जाळ लवकरात लवकर बाहेर जायला हवा, तोच पाण्याला तापवत जायचा. चढावर रेडिएटर उकळलेली फोर्ड हे तेव्हाचं नेहमीचं दृश्य होतं.

आणि तरीही हेच इंजिन गाजलं. तीसच्या दशकाच्या शेवटी भंगाराच्या आवारात ते रास्त भावात मिळू लागलं. दक्षिण कॅलिफोर्नियात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली, मैलोन्‌मैल सपाट तळी आहेत. तिथे पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड काढून, हलकी करून पळवू लागली. महायुद्धानंतर परतलेल्या जवानांच्या हाती लष्करी वर्कशॉपमध्ये शिकलेलं कसब होतं, खिशात थोडे पैसेही होते. व्हिक एडलब्रॉक यांनी दोन-दोन कार्बोरेटर बसतील असे मॅनिफोल्ड ओतून विकायला सुरुवात केली. कुणी कॅमशाफ्ट घासून दिले, कुणी ॲल्युमिनियमची हेडं काढली. एका पडेल इंजिनाभोवती अख्खा धंदा उभा राहिला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं तेही याच मंडळींसाठी. फोर्डने अमेरिकेतल्या गाड्यांत हे इंजिन १९५३ पर्यंत चालवलं. फ्रान्समध्ये लष्करी ट्रकांसाठी त्याचं वंशज त्यानंतरही बनत राहिलं.

या धंद्यातल्या एका माणसाने पुढे इतिहासाला वळण दिलं. झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी न्यूयॉर्कमध्ये फ्लॅटहेडसाठी नवी हेडं बनवली होती. व्हॉल्व्ह ठोकळ्यातून काढून वर आणणारी ही हेडं मूळची जड ट्रकांसाठी होती, पण शर्यतवाल्यांनी ती उचलली. १९५३ मध्ये डंटॉव्ह जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा की इंजिनांत हात घालणारी तरुण पोरं फोर्डच्या तालमीत वाढली आहेत, त्यांची मासिकं फोर्डने भरलेली असतात. शेवरलेटला हा तरुण हवा असेल तर त्याला लागणारे सुटे भाग कंपनीनेच बनवून द्यावेत. गाडी पहिल्यांदा विकत घेणाऱ्याचा विचार प्रत्येक कंपनी करते. दहा वर्षांनी तीच गाडी उघडून बसणाऱ्या माणसाचा विचार करायला सांगणारा हा कागद मला मोटारींच्या इतिहासातल्या फार महत्त्वाच्या कागदांपैकी एक वाटतो.

तो कागद पोहोचला तेव्हा शेवरलेटमध्ये नवं व्ही-८ आकार घेतच होतं. मुख्य अभियंता एड कोल कॅडिलॅकमधून आलेले. १९४९ च्या कॅडिलॅक व्ही-८ वर त्यांनी काम केलं होतं, पण इथे कॅडिलॅकचा खर्च चालणार नव्हता. १९५५ च्या मॉडेलसाठी आलेल्या २६५ घन इंचांच्या या ‘स्मॉल ब्लॉक’मध्ये स्वस्ताई हीच कल्पकता झाली. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर एरवी एका जाड दांड्यावर ओवलेला असतो. तो दांडा, त्याचे आधार, त्यावरचं यंत्रकाम या सगळ्याला पैसा लागतो. इथे प्रत्येक रॉकर प्रेसमध्ये ठोकून काढलेल्या पोलादी पत्र्याचा, आपापल्या स्टडवर गोल टेकूवर डुलणारा, वर एक नट. ही युक्ती पाँटियाकच्या क्लेटन लीच यांची. पुशरॉड पोकळ ठेवले आणि त्यातूनच रॉकरला तेल पोचवलं, म्हणजे वेगळ्या तेलनळ्यांची गरज संपली. एकाच साच्यातून निघालेलं हेड डावीकडेही बसे, उजवीकडेही. ठोकळ्याच्या भिंती इतक्या नेमक्या ओतल्या की आठ सिलिंडरचं हे इंजिन कंपनीच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा वजनाला हलकं भरलं.

पहिल्या वर्षी घाईत एक गोष्ट राहून गेली. ठोकळ्यावर ऑइल फिल्टर बसवायला जागाच ठेवलेली नव्हती. पुढच्याच वर्षी ती दुरुस्ती झाली. साध्या कार्बोरेटरवर १६२ अश्वशक्ती देणारं हे इंजिन १९५७ मध्ये २८३ घन इंचांचं झालं आणि इंधन इंजेक्शनच्या जोडीने २८३ अश्वशक्तीला पोचलं. घन इंचामागे एक अश्वशक्ती! कंपनीच्या जाहिरातवाल्यांना याहून जास्त काय हवं होतं? पुढे ३२७ आलं, १९६७ च्या कॅमॅरोत ३५० आलं. मग हे ३५० पिकअपमध्ये, व्हॅनमध्ये, मोटारबोटीत, शेतावर पाणी उपसणाऱ्या पंपावर, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे बसलं.

या सगळ्या काळात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधलं ४.४ इंच हे अंतर बदललं नाही. इंजिनाची लांबी त्यावर ठरते, आणि लांबी तीच राहिली की जुन्या गाडीच्या बोनेटखाली नवं इंजिन मावतं. साठ सालच्या गाडीवर सत्तर सालची हेडं चढतात, आणि एका मॉडेलचा क्रँक दुसऱ्याच्या ठोकळ्यात थोड्या खटपटीने बसतो. १९९७ मध्ये ठोकळ्याची आतली रचना मुळापासून बदलली तरी ते ४.४ इंच कायम राहिले. २०११ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने या घराण्याचं दहा कोटीवं इंजिन बनल्याचं जाहीर केलं.

सत्तरच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात रमावं असं फारसं नाही. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, शिसंविरहित पेट्रोल आलं, विम्याचे हप्ते चढले, १९७३ चा तेलाचा झटका बसला. कायदा गरजेचाच होता. पण कंपन्यांकडे उत्तर तयार नव्हतं, म्हणून त्यांनी कॉम्प्रेशन उतरवलं आणि इंजिनं गुदमरली. १९७५ च्या कॉर्व्हेटमधलं साधं ३५० जेमतेम १६५ अश्वशक्तीचं उरलं होतं.

आता हेमीकडे वळतो. क्रायस्लरने १९५१ मध्ये ३३१ घन इंचांचं, १८० अश्वशक्तीचं ‘फायरपॉवर’ काढलं, त्यात जळणाची पोकळी अर्धगोलाकार होती. अर्धगोलाचा फायदा असा की आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह समोरासमोर, तिरके बसतात. दोघांनाही ऐसपैस जागा मिळते, हवा एका बाजूने येऊन सरळ दुसऱ्या बाजूने जाते. स्पार्क प्लग जवळजवळ मधोमध येतो, म्हणून ज्वाळा चहूकडे सारखी पसरते. याची किंमत वजनात आणि पैशात मोजावी लागते: प्रत्येक हेडवर रॉकरचे दोन दांडे, अवाढव्य रुंद हेडं, भरपूर यंत्रकाम. ताकद फार, पण परवडेना, म्हणून १९५८ नंतर क्रायस्लरने हे पहिलं हेमी बंद केलं. त्याआधी त्याचा एक उपयोग मात्र विलक्षण झाला. शीतयुद्धाच्या काळात क्रायस्लरने हवाई हल्ल्याचा इशारा देणारे भोंगे बनवले. ते फिरवायला मोटार नव्हे तर अख्खं हेमी व्ही-८ लावलं होतं, आणि आवाज शंभर फुटांवर १३८ डेसिबल.

१९६४ मध्ये हेमी परतलं ते ४२६ होऊन. डेटोनाच्या शर्यतीला काही आठवडे उरले असताना चाचण्यांमध्ये सिलिंडरच्या भिंतींना तडे जाऊ लागले. पुन्हा ओतशाळा, पुन्हा साचे, भिंती जाड केलेले नवे ठोकळे. ते शर्यतीपर्यंत कसेबसे पोचले. २३ फेब्रुवारीला रिचर्ड पेटी २०० पैकी १८४ फेऱ्या आघाडीवर राहून जिंकले आणि पहिले तिन्ही क्रमांक हेमी लावलेल्या प्लिमथ गाड्यांना गेले. पुढच्या वर्षी आयोजकांनी हेमीला मज्जाव केला, कारण हे इंजिन सामान्य ग्राहकाला मिळतच नव्हतं. मग १९६६ मध्ये क्रायस्लरने ते रस्त्यावरच्या गाड्यांत घातलं. कागदोपत्री ४२५ अश्वशक्ती, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ज्या गाड्यांत ते आलं त्यांना आज लिलावात मिळणाऱ्या रकमा मला फारशा महत्त्वाच्या वाटत नाहीत. काचेच्या पेटीत ठेवलेलं हेमी बघून काय करायचं? ते पाहायचं तर ड्रॅग रेसच्या पट्टीवर.

क्रायस्लरचंच दुसरं टोक म्हणजे ‘स्लँट सिक्स’. १९६० च्या व्हॅलियंटसाठी बनवलेलं हे सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन ३० अंशांत कलतं केलेलं होतं. त्यामुळे बोनेट खाली आणता आलं आणि बाजूला मोकळ्या झालेल्या जागेत हवेच्या लांब नळ्या बसल्या. ते ॲल्युमिनियममध्ये ओतण्याचा बेत होता आणि थोडी वर्षं तसंही निघालं. पण नरम धातूसाठी ठरवलेली दणकट मापं बिडात उतरली तेव्हा इंजिन गरजेपेक्षा कितीतरी भक्कम झालं. डार्ट आणि व्हॅलियंट गंजून गेल्या तरी २२५ स्लँट सिक्स चालतच राहिलं. तोच गुण फोर्डच्या ३०० मध्ये. १९६५ ते १९९६ पर्यंत एफ मालिकेच्या पिकअपमध्ये हे सहा सिलिंडर बसलं. क्रँकला सात बेअरिंगांचा आधार, कॅमशाफ्ट फिरवायला ताणून सैल होणाऱ्या साखळीऐवजी दातेरी चाकं. वेगाची अपेक्षा नाही, ओढायची तयारी कायम. घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या व्हॅनमध्ये आणि विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्यांत ते राबलं. शर्यतींच्या इतिहासात याचं नाव सापडणार नाही, आणि तरीही मला एकच इंजिन घरी आणायला सांगितलं तर मी हे आणीन.

भटकंतीचा विक्रम मात्र ब्यूकच्या नावावर. १९६१ मध्ये जनरल मोटर्सने छोट्या गाड्यांसाठी २१५ घन इंचांचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ काढलं. वजन दीडशे किलोच्या आत. पण ॲल्युमिनियमचे ठोकळे ओतताना फार वाया जात, आणि चुकीचं शीतकद्रव्य भरलं की ते आतून खाल्ले जात. तीन वर्षांत इंजिन बंद. पुढे ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट विस्कॉन्सिनमध्ये मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत आपल्या मालाची विक्री करायला गेले. तिथे वर्कशॉपमध्ये ठेवलेलं हे इंजिन त्यांच्या नजरेस पडलं. १९६५ मध्ये रोव्हरने हक्क विकत घेतले. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये हेच इंजिन होतं आणि पुढची तीसेक वर्षं ते ब्रिटिश म्हणूनच ओळखलं गेलं. ओल्ड्समोबिलसाठी ओतलेल्या त्याच्या भावंडाच्या ठोकळ्यावर ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने तीन लिटरचं शर्यतीचं इंजिन उभं केलं आणि १९६६ मध्ये जॅक ब्रॅबहॅम त्यावर फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. ब्यूक स्पेशल घेऊन मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाला आपल्या बोनेटखाली काय आहे याची कल्पना कशी यावी!

याच व्ही-८ मधून दोन सिलिंडर कमी करून १९६२ मध्ये ब्यूकने बिडाचं व्ही-६ बनवलं. त्याचीही कहाणी तशीच. १९६७ मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री कायझर-जीपला विकली. जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली, त्यांनी उत्पादन थांबवलं, यंत्रं पडून राहिली. तेलाचा झटका बसला आणि जनरल मोटर्सला अचानक काटकसरी इंजिन हवं झालं. १९७४ मध्ये त्यांनी आपलीच यंत्रं परत विकत घेतली. ते व्ही-६ पुढे सुधारत सुधारत ३.८ लिटरचं होऊन २००८ पर्यंत चाललं.

जीपचा उल्लेख आला तर महाराष्ट्राचा यायलाच हवा. महायुद्धातल्या जीपची निवड झाली त्यात विलीजच्या १३४ घन इंचांच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा हात होता. जुन्या, साध्या इंजिनावर बार्नी रूस यांनी मेहनत घेऊन ते ४८ वरून ६० अश्वशक्तीपर्यंत नेलं होतं. स्पर्धेतल्या दुसऱ्या गाड्या त्याच्या पासंगाला पुरल्या नाहीत. युद्धानंतर याच ठोकळ्यावर नवं हेड आलं, त्यात आत येणारे व्हॉल्व्ह वर गेले. इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचं बोनेट आणि समोरची जाळी उंच करावी लागली. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला स्वातंत्र्यानंतर लगेचच सुरुवात केली होती. पुढे हीच उंच बोनेटची जीप त्यांनी वर्षानुवर्षं बनवली. पोलीस ठाण्यांच्या, पाटबंधारे खात्याच्या, निवडणुकीच्या प्रचाराच्या जीप आपण पाहिल्या त्या याच. आपल्याकडे मात्र क्रम उलटा झाला. पेट्रोल परवडेना तेव्हा विलीजचं इंजिन गेलं, आधी ट्रॅक्टरचं आणि मग प्यूजोच्या आराखड्याचं डिझेल आलं, आणि ज्या इंजिनासाठी बोनेट उंच केलं होतं ते नसतानाही बोनेट तसंच उंच राहिलं.

डिझेलचा विषय कमिन्सशिवाय पुरा होत नाही. क्लेसी कमिन्स हे इंडियानातल्या कोलंबस गावी एका सावकाराचे शोफर. त्याच सावकाराच्या भांडवलावर १९१९ मध्ये त्यांनी कंपनी काढली. डिझेलवर कुणाचा विश्वास नव्हता, तर त्यांनी १९३१ मध्ये डिझेल गाडी थेट इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरवली. ती तेरावी आली, पण सगळी शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. १९५२ मध्ये तर कमिन्स डिझेलने तिथे पहिल्या जागेवरून सुरुवात केली. टर्बोच्या तोंडात टायरच्या रबराचा भुगा अडकून ती बंद पडली ही गोष्ट वेगळी. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ पासून, त्यामुळे कोथरूडच्या जुन्या माणसांना हे नाव सांगायला नको.

कमिन्सची ५.९ लिटरची बी मालिका मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी, केस कंपनीच्या भागीदारीत बनली. १९८९ मध्ये ती डॉज पिकअपमध्ये आली तेव्हा तिची १६० अश्वशक्ती कुणाला मोठी वाटली नसेल. पण चारशे पौंड-फुटांचा पीळ, दातेरी चाकांवर चालणारी सगळी यंत्रणा आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत यांच्यापुढे तेव्हाची दुसऱ्या पिकअपमधली डिझेलं फिकी पडली. नव्वदच्या दशकात टाटा आणि कमिन्स यांनी जमशेदपूरला संयुक्त कारखाना काढला तो याच बी मालिकेसाठी. आपल्या महामार्गांवरच्या कितीतरी टाटा ट्रकांत त्या घराण्याचं इंजिन असतं.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने त्या काळातल्या डॉजचा पत्रा आणि चॅसी खाऊन टाकली. बारा व्हॉल्व्हचं कमिन्स मात्र शाबूत राहिलं. आता ते काढून जुन्या फोर्डमध्ये, शेवरलेटमध्ये, वाटेल त्या ट्रकमध्ये बसवतात. विकत घेणारा आधी विचारतो, पंप कोणता? १९९४ ते ९८ चा बॉशचा यांत्रिक पंप असेल तर भाव चढतो, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही आणि त्याला हवा तसा लावून घेता येतो. मग समोरचं झाकण उघडून तो एक छोटी पोलादी खुंटी तपासतो. कारखान्यात दातेरी चाकांची पेटी नेमकी बसवण्यासाठी ठोकलेली ही खुंटी वर्षांनुवर्षांच्या थरथरीने सैल होऊन टायमिंगच्या दात्यांत पडू शकते, आणि पडली तर इंजिनाचा घात. उपाय साधा आहे. शेजारच्या बोल्टखाली धरून भोकावर येईल असा पत्र्याचा एक तुकडा कापायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचा.